ब्रेक पेडल : जुन्या वाहनांतील दोषनिदानाचा इतिहास

मोटारगाडीच्या द्रवचालित ब्रेक-यंत्रणेतील पेडल पायाखाली मऊ लागणे, नेहमीपेक्षा खोल जाणे किंवा पाय स्थिर ठेवला असता सावकाश तळाकडे बसत जाणे, ही यंत्रणेतील बिघाडाची तीन प्रमुख लक्षणे होत. ती वरवर सारखी भासतात. परंतु त्यांची कारणे भिन्न असून उपायही भिन्न आहेत. ब्रेक-यंत्रणेचा विकास टप्प्याटप्प्याने झाला व प्रत्येक टप्प्याने एक जुना दोष दूर करताना एक नवा दोष मागे ठेवला. त्यामुळे जुन्या वाहनाचे पेडल तपासताना ते वाहन या विकासाच्या कोणत्या टप्प्यातील आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. एकच द्रवपरिपथ असलेल्या वाहनात या निदानाला विशेष महत्त्व आहे. कारण तेथे एका चाकाजवळची गळती चारही चाकांचे ब्रेक निकामी करू शकते.

तत्त्व व रचना : बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांनी मांडला. त्यांचा या विषयावरील प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. द्रवचालित ब्रेकची सर्व रचना या नियमावर उभी आहे. पेडल दाबले की तरफेच्या योगाने मुख्य सिलिंडरातील, म्हणजे मास्टर सिलिंडरातील, दट्ट्या पुढे सरकतो. त्याच्यापुढील द्रव धातूच्या नळ्या व रबरी होज यांतून प्रत्येक चाकाजवळील व्हील सिलिंडरात दाब निर्माण करतो. तेथील दट्टे ब्रेक शू बाहेर ढकलतात व शूंवरील अस्तर फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठावर घासून चाकाची गती रोखली जाते.

द्रव जवळजवळ असंपीड्य असल्यामुळे शू ड्रमला टेकताच पेडल घट्ट लागते. हा घट्टपणा म्हणजे नळीत केवळ द्रव आहे, तो कोठेही निसटत नाही आणि शू व ड्रम यांतील अंतर बेताचे आहे, या तीन गोष्टींची एकत्रित ग्वाही होय. यांपैकी एक गोष्ट बिघडली की पेडलाचा स्पर्श बदलतो. हवा शिरली तर ती दाबाने आकुंचन पावते व पेडल स्पंजासारखे लागते. अंतर वाढले तर ते भरून काढण्यापुरता द्रव आधी खर्ची पडतो व पेडल खोल जाते. द्रव निसटत असेल, तर दाब टिकत नाही व पेडल बसत जाते.

यांत्रिक ब्रेक : आरंभीच्या मोटारगाड्यांत पेडलाचा जोर लोखंडी दांडे व तारेचे दोर यांच्या साहाय्याने चाकांपर्यंत नेला जात असे. फ्रान्समधील ल्वी रनॉल्ट यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक प्रचारात आणला व इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याच वर्षी चकती ब्रेकचे एकस्व घेतले. मात्र दोहोंनाही जोर पोहोचविण्याचे साधन यांत्रिकच होते. यांत्रिक ब्रेकमधील दोष डोळ्यांना दिसत असे : दांडा वाकलेला, दोर ताणलेला किंवा खीळ झिजलेली असे. चारही चाकांवर सारखा जोर पडेल असे समायोजन करणे मात्र फार अवघड होते. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाणे ही त्या काळची नित्याची तक्रार होती.

द्रवचालित ब्रेकचा उदय : ही विषमता दूर करण्याचे श्रेय मुख्यतः माल्कम लॉकहीड या अमेरिकन संशोधकाकडे जाते. विमाननिर्मितीच्या क्षेत्रात प्रसिद्धीस आलेले ॲलन लॉकहीड हे त्यांचे बंधू होत. माल्कम यांना १९१७ मध्ये द्रवचालित ब्रेकचे एकस्व मिळाले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना असे ब्रेक असलेली मोटार विक्रीस आणली. त्याच वर्षी फ्रान्समधील ल मां येथे झालेली ग्रां प्री शर्यत याच कंपनीच्या द्रवचालित ब्रेक असलेल्या गाडीने जिंकली व या पद्धतीकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

द्रवचालित यंत्रणेत सर्व चाकांना समान दाब आपोआप मिळू लागला. परंतु दोष दृष्टीआड गेला. नळीतील हवेचा बुडबुडा किंवा सिलिंडरातील झिजलेली कडा बाहेरून दिसत नाही. तिची वार्ता पेडलावरच्या पायाला लागते. पेडलाच्या स्पर्शावरून दोष ओळखण्याची विद्या येथून सुरू झाली.

चामडे व रबर : लॉकहीड यांच्या मूळ रचनेत दट्ट्याच्या टोकाशी चामड्याच्या वाट्या होत्या. चामडे सुकले की आकसे व द्रव पाझरू लागे. १९२४ मध्ये क्राइस्लर मोटारीसाठी ही रचना स्वीकारताना त्या कंपनीच्या अभियंत्यांनी चामड्याऐवजी रबराच्या वाट्या वापरल्या व गळतीचे प्रमाण पुष्कळ घटले. दाब वाढला की वाटीची कड पसरून सिलिंडराच्या भिंतीवर अधिक घट्ट बसते, हा या रचनेचा विशेष होय. भारतीय कारागीर या वाट्यांना ब्रेकचे वॉशर किंवा नुसते रबर म्हणतात.

या विशेषातूनच दोषनिदानातील एक चकवा निर्माण होतो. झिजलेली वाटी जोराच्या दाबाखाली भिंतीला चिकटते व पेडल धरून ठेवते. परंतु हलक्या दाबाखाली तिची कड सैल राहते आणि द्रव तिच्या मागे निसटतो. म्हणून वाहन उभे असताना जोराने पाय मारून पाहणाऱ्याला पेडल ठीक वाटते आणि चौकात हलका पाय ठेवून थांबलेल्या चालकाला तेच पेडल बसत जाताना जाणवते.

रबराबरोबर द्रवाचीही निवड बांधली गेली. खनिज तेलाच्या संपर्काने ब्रेकच्या वाट्यांचे रबर फुगते. त्यामुळे इंजिन तेल वा रॉकेल यंत्रणेत जाणे घातक ठरते. फुगलेल्या वाटीने मास्टर सिलिंडरातील सूक्ष्म समतोलक छिद्र झाकले, तर द्रवाला टाकीत परतण्यास वाट उरत नाही व ब्रेक धरून राहतात. प्रारंभी ग्लिसरीन किंवा एरंडेल तेल यांत अल्कोहॉल मिसळून द्रव तयार करीत. अल्कोहॉलाचा उकळबिंदू कमी असल्यामुळे लांब उतारावर ड्रम तापले की द्रवाची वाफ होई आणि वाफ संपीड्य असल्यामुळे पेडल एकाएकी तळाला जाई.

पुढे ग्लायकॉल वर्गातील द्रव प्रचारात आले. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. व डॉट ४ प्रतीचा किमान २३०° से. असावा, असे प्रमाण आहे. हे द्रव हवेतील बाष्प शोषून घेतात. सु. ३.७ टक्के पाणी मुरलेल्या अवस्थेत हेच किमान उकळबिंदू अनुक्रमे १४०° से. व १५५° से. इतके खाली येतात. द्रवात मुरलेले पाणी सिलिंडराच्या भिंतीवर गंजाचे खड्डेही पाडते. जुन्या वाहनात द्रवाची पातळी योग्य असणे पुरेसे नसून त्याचे वयही पाहावे लागते, ते यामुळेच. सिलिकोनाधारित डॉट ५ द्रव पाणी शोषीत नाही. तथापि तो ग्लायकॉल द्रवात मिसळता येत नाही.

दुहेरी परिपथ : फोर्ड कंपनीने यांत्रिक ब्रेकचा आग्रह दीर्घकाळ धरला व १९३९ मध्ये द्रवचालित ब्रेक स्वीकारला. द्रवाची एक नळी फुटली तर सर्व ब्रेक जातील, ही यांत्रिक ब्रेकच्या पुरस्कर्त्यांची भीती निराधार नव्हती. तिला पूर्ण उत्तर मिळण्यास आणखी तीन दशके लागली. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र परिपथांचा ब्रेक बंधनकारक झाला. मास्टर सिलिंडरात एकामागे एक असे दोन दट्टे बसविल्यामुळे एक परिपथ रिकामा झाला तरी दुसरा निदान दोन चाके रोखू शकतो. अशा वाहनात पेडल खोल जाणे ही पूर्वसूचना असते. एकेरी परिपथाच्या वाहनात मात्र अखेरची सूचनाही तीच ठरू शकते.

महाराष्ट्रातील वाहने : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून वाहनांची जोडणी होऊ लागली. आरंभी हे काम क्राइस्लर कंपनीच्या सहकार्याने चालले. त्यामुळे रबरी वाट्यांचा ब्रेक प्रथम स्वीकारणाऱ्या घराण्याची वाहनेच तेथे तयार झाली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार होऊन १९५० च्या दशकात फियाट ११०० मोटार आली. तिचीच सुधारित आवृत्ती १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. हिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस संपुष्टात आले, तरी मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.

मुंबईतील माझगाव येथे महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी सुरू केली. जीपचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, वाहनाच्या तळाशी असतो. चिखल, पाणी व धूळ यांचा त्याच्याशी थेट संबंध येतो. त्याची द्रवपातळी पाहण्यासाठी तळपत्र्यावरील झाकण काढावे लागते. परिणामी ती वेळच्या वेळी पाहिली जातेच असे नाही. हे झाकण उघडताना भोवतीची धूळ आत पडली, तर तिचे कण वाट्यांच्या कडा खरवडतात. सरकारी दौरे, शेतीची कामे व पुढे खेडोपाडी होणारी प्रवासी वाहतूक यांसाठी जीप महाराष्ट्रभर वापरली गेली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या मोटारींबरोबर दुहेरी परिपथ सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. तरीही एकेरी परिपथाची वाहने पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली.

बाळापूर व वऱ्हाडातील परिस्थिती : एकच सदोष पेडल एका रस्त्यावर निभावून जाते व दुसऱ्या रस्त्यावर घात करते, हे समजण्यास वऱ्हाडाची भूरचना उपयोगी पडते. अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे तालुक्याचे ठिकाण मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसले असून मोगल काळात ते वऱ्हाड सुभ्यातील महत्त्वाचे ठाणे होते. तेथील किल्ला व मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री प्रसिद्ध आहेत. धुळे, जळगाव, खामगाव, अकोला, अमरावती व नागपूर यांना जोडणारा महामार्ग या गावावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग ६ असा होता. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ५३ झाला.

वऱ्हाडाचे पूर्णा खोऱ्यातील सखल पयानघाट व दक्षिणेकडील उंच बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. बाळापूर पयानघाटात आहे. येथून खामगाव वा अकोल्याकडे जाणारा रस्ता बहुतांशी सपाट आहे. अशा रस्त्यावर चालक वेग आधीच कमी करतो, ब्रेक थोडा वेळ व हलका लागतो आणि मऊ पेडल दोन-तीनदा दाबून वर आणण्यास अवधी मिळतो. दोष असूनही वाहन महिनोन्‌महिने चालते व चालकाच्या पायाला त्या मऊपणाची सवय होते. तेच वाहन पातूरमार्गे वाशीमच्या दिशेने बालाघाटावर गेले व माल भरून घाट उतरू लागले की, ब्रेक सतत लावावा लागतो. ड्रम तापून प्रसरण पावतात, त्यामुळे शूंना अधिक अंतर तोडावे लागते. जुना द्रव उकळण्याच्या बेतात येतो. आणि वारंवार पेडल मारण्यास सवड उरत नाही. बुलढाण्याकडील घाट व चिखलदऱ्याचा रस्ता यांनाही हे लागू आहे.

हवामानाचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यात अकोला परिसरातील तापमान ४५° से. च्या वर जाते. या उष्णतेने द्रव उकळत नाही. परंतु जुने रबरी होज कडक होऊन तडकतात. पावसाळ्यात काळ्या कापसाच्या जमिनीचा चिखल ड्रमच्या मागील पत्र्यावर थापला जातो व व्हील सिलिंडरातून पाझरणारा द्रव त्याखाली झाकला जातो. गळती शोधण्यापूर्वी चाकाची आतील बाजू धुऊन कोरडी करणे आवश्यक असते, ते यासाठीच.

दोषनिदानाची रीत : तपासणी वाहन उभे करून, चाकांना उटी लावून करतात. प्रथम द्रवाची पातळी व रंग पाहतात. काळपट, गढूळ द्रव हे जुनेपणाचे व झिजलेल्या रबराचे चिन्ह आहे. नंतर पेडल एकदा दाबून त्याची खोली पाहतात व लागोपाठ तीन-चार वेळा दाबून पुन्हा पाहतात.

पेडल पहिल्या दाबाला खोल जाऊन पुढील दाबांना वर येत असेल आणि वर आल्यावर घट्ट लागत असेल, तर शू व ड्रम यांतील अंतर वाढले आहे, असे समजतात. जुन्या ड्रम ब्रेकचे समायोजन हाताने करावे लागते. ते केल्यावर पेडल पूर्ववत होते. पेडल वर येऊनही स्पंजासारखे राहत असेल, तर यंत्रणेत हवा असण्याचा संभव अधिक असतो. मात्र हवा हे एकमेव कारण नव्हे. जुना होज दाबाखाली फुगत असल्यास किंवा खराद केल्याने रुंद झालेल्या ड्रममध्ये नवे शू पूर्ण पृष्ठाने न टेकता केवळ मध्यभागी टेकत असल्यासही पेडल मऊ लागते. होजचे फुगणे दुसऱ्या व्यक्तीने पेडल दाबले असता हाताला जाणवते.

यानंतर पेडलावर मिनिटभर स्थिर दाब ठेवतात, आधी हलका व मग जोराचा. पेडल बसत गेले तर द्रव निसटत आहे, हे निश्चित होते. चारही चाकांची आतील बाजू, नळ्यांचे सांधे व मास्टर सिलिंडराचा मागील भाग तपासूनही ओल आढळली नाही आणि टाकीतील पातळीही घटली नाही, तर द्रव मास्टर सिलिंडरातच वाटीच्या मागे परतत आहे, असा निष्कर्ष निघतो. खात्रीसाठी मास्टर सिलिंडराचा निर्गम पक्क्या बुचाने बंद करून पेडल दाबतात. तरीही ते बसत गेले तर दोष सिलिंडरात आहे. घट्ट राहिले तर तो पुढील भागात आहे. अशाच रीतीने एकेक चाक वेगळे काढून दोषाचे स्थान निश्चित करता येते.

निर्वाताच्या साहाय्याने जोर वाढविणारी यंत्रणा असलेल्या वाहनात इंजिन सुरू होताच दाबलेले पेडल किंचित खाली जाते. हा दोष नव्हे. यंत्रणा कार्यक्षम असल्याची ती खूण आहे. घाटात पेडल घट्ट राहूनही वाहन थांबत नसेल, तर दोष द्रवात नसून तापलेल्या अस्तरात असतो. पेडल मऊ पडून थंड झाल्यावर पुन्हा सुधारत असेल, तर द्रवाची वाफ झाली होती, असे मानावे लागते. अशा वेळी दोष नाहीसा झाला असे समजून पुढे जाणे धोक्याचे असते. कारण पाणी मुरलेला द्रव जागीच असतो.

चुकीच्या निदानाचे परिणाम : प्रत्येक मऊ पेडलावर हवा काढण्याचा उपाय करण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. हवा काढताना पेडल तळापर्यंत वारंवार दाबले जाते. जुन्या मास्टर सिलिंडरात दट्ट्याच्या रोजच्या मार्गापलीकडचा भाग गंजलेला असतो. वाटी त्या भागावरून फिरली की तिची कड कापली जाते. पूर्वी केवळ मऊ असलेले पेडल दुरुस्तीनंतर बसू लागते, त्याचे हे सामान्य कारण आहे. जुन्या सिलिंडरात पेडल पूर्ण तळाला न नेता अर्ध्या मार्गापर्यंतच दाबावे, असा संकेत यातून निर्माण झाला. हवा सामान्यतः मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून काढण्यास आरंभ करतात.

टाकीत वरचेवर द्रव भरत राहणे ही दुसरी चूक होय. बंदिस्त यंत्रणेतील द्रव वापराने संपत नाही. अस्तर झिजल्यावर दट्टे बाहेर सरकून ड्रम ब्रेकमध्ये पातळी अल्प प्रमाणात उतरते. त्याहून अधिक घट म्हणजे गळतीच होय. गळालेला द्रव अस्तरावर पसरला तर ते चाक धरत नाही व वाहन एका बाजूस ओढले जाते. द्रवाने भिजलेले अस्तर धुऊन वापरण्याजोगे राहत नाही. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन गंभीर विकार जडतात. त्यामुळे ड्रममधील धूळ फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये. ती ओली करून पुसून घ्यावी.

सद्यःस्थिती : मोटार वाहन अधिनियम १९८८ व त्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार वाहनाचा ब्रेक सुस्थितीत असणे बंधनकारक असून परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या मोटारींसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची तरतूद करण्यात आली. नव्या वाहनांत इलेक्ट्रॉनिक साधने बिघाडाची सूचना देतात व तेथे पायाच्या संवेदनेवर विसंबण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. जीप, पद्मिनी किंवा त्या पिढीतील अन्य वाहने चालविणाऱ्यांना मात्र असे साधन उपलब्ध नाही. सपाट रस्त्यावर जाणवलेला पेडलाचा किरकोळ मऊपणा घाटाला लागण्यापूर्वीच तपासणे, हा या शंभर वर्षांच्या इतिहासातून निघणारा व्यावहारिक नियम होय.